नऊ पायऱ्या

६ फेब्रुवारी

"खोका उघडून आतला कागद हातात घेतलेल्या, तो दोनदा वाचूनही न कळलेल्या आणि शेवटी 'आपल्यालाच अक्कल नाही' असं म्हणून गप्प बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! अक्कल तुमची कमी नाही. तो कागद लिहिणाऱ्याची कमी आहे!"

आज वाचनालयाच्या सभागृहात अशी सुरुवात केली आणि पहिल्याच मिनिटाला टाळी पडली. खुर्च्या कमी पडल्या, लोक पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे होते. शिलाई मशीनसोबत आलेला कागद वाचून दाखवला तेव्हा लोक पोट धरून हसले. मग औषधाच्या पंपाचा कागद वाचला, तेव्हा कुणी हसलं नाही. सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, त्याहून जास्त वर्षं वाचतो आहे, आणि मला पक्कं ठाऊक आहे की न समजणारी भाषा हा अपघात नसतो. ती गुर्मी असते. समोरच्याला मूर्ख समजणाऱ्याची गुर्मी. हे म्हणताना मी टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा पेला सांडला. तोही भाषणात शोभून गेला.

सभा संपल्यावर एक बाई पुढे आल्या. घरी वापरायची वैद्यकीय मशीनं बनवणाऱ्या कंपनीत सूचना लिहिणारा विभाग त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, "छान बोलता तुम्ही. आमच्या कागदांना शिव्या घातल्यात, त्याही रास्त. मग लिहून द्याल का?"

चारचौघांत विचारलं. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

१४ फेब्रुवारी

कामावर आठवडा झाला. लांबट खोली, एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर पोटं उघडी टाकलेली मशीनं. माझं टेबल खिडकीजवळ. पलीकडे दुरुस्तीवाला बसतो, सगळे त्याला 'पाना' म्हणतात, कारण पाना हातात नसेल तर त्याला बोलता येत नाही.

पहिलं काम ऑक्सिजनच्या मशीनचं. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत त्यांच्यासाठी. मशीन खोलीतली हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून सोडतं, आणि नळीने नाकाशी पोचवतं. जुन्या कागदात चौदा पायऱ्या आहेत. चौदा! आजारी माणसाच्या घरात चौदा पायऱ्या वाचायला उसंत कुणाला आहे?

प्रमुख बाईंनी इथली रीत समजावली. कागद लिहून झाला की बाहेरच्या माणसाला मशीन द्यायचं, कागद द्यायचा, आणि आपण त्याच्या पाठीमागे बसायचं. समोर नाही, बाजूला नाही. पाठीमागे. आणि दातांत आडवी पेन्सिल धरायची.

"पेन्सिल कशाला?" मी विचारलं.

"तोंड उघडलं तर पडते," बाई म्हणाल्या.

पाना खो खो हसला. "काका, तुम्हाला दोन लागतील."

हसलो मीही. पण मनातून आवडलं नाही. माणसाच्या पाठीमागे चोरासारखं बसायचं, ही काय रीत झाली?

२१ फेब्रुवारी

चौदाच्या नऊ केल्या!

'पॅकिंग काढा' गेलं. 'मशीन सपाट जागेवर ठेवा' गेलं, उतारावर कोण ठेवणार आहे? 'बाटलीत पाणी भरा' ठेवलं, पण त्यानंतरची 'झाकण आट्यांवर सरळ बसवून घट्ट फिरवा व बाटली जागेवर लावा' ही पायरी काढली. आणि 'बाटलीत बुडबुडे दिसतात याची खात्री करा' हीसुद्धा.

पानाने वाचून डोकं खाजवलं. "काका, झाकणाचं का काढलंत?"

"पाणी भरल्यावर माणूस झाकण लावतोच. घरोघरी बरण्या आहेत. आईच्या कुशीतून बाहेर पडल्यापासून झाकणं लावत आलेत लोक."

"लावतात हो. फिरवत नाहीत."

"म्हणजे लोक मूर्ख आहेत असं तुमचं म्हणणं."

"मूर्ख नाहीत, घाईत आहेत."

मी त्याला चांगली वीस मिनिटं सुनावली. प्रत्येक उघड गोष्ट सांगणं म्हणजे माणसाचा अपमान करणं. जो लिहिणारा वाचकावर विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर वाचकाने का ठेवावा? पाना पाना फिरवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बोलायला तुम्हाला कोण हरवणार!" आणि मशीनच्या पोटात डोकं घातलं.

त्याने माझं मान्य केलं, असं मी धरलं.

२८ फेब्रुवारी

चाचणी झाली. बाहेरचं माणूस म्हणून ताईला बोलावलं. बाईंचं म्हणणं, ओळखीचं नको. पण भाऊजींचं दुखणं आता ऑक्सिजनवर आलंय, हे मशीन तिच्याच घरी जाणार. तिच्याहून खरा वापरणारा कोण? आणि बाई आज बाहेरगावी होत्या.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझ्या पहिल्या भाषणाला पहिल्या रांगेत बसली होती आणि मी शब्द विसरलो तेव्हा ओठांनी मला सांगत होती.

"मला नाही रे जमायचं हे असलं," म्हणत ती मशीनसमोर बसली. चष्मा पुसला. मी समोर खुर्ची टाकून बसलो. पाठीमागे बसलो असतो तर बिचारी घाबरली असती.

आणि काय सांगू! एकाही ठिकाणी अडली नाही. कागदाकडे एकदा, माझ्याकडे एकदा, असं प्रेमाने बघत बघत नऊच्या नऊ पायऱ्या केल्या. पाणी भरलं, झाकण ठेवलं, बटणाकडे हात नेला, थांबली, माझ्याकडे पाहिलं, हसली, झाकण घट्ट फिरवलं, बटण दाबलं. मी तर तोंडातून अक्षर काढलं नाही. हात तेवढे हलत होते, पण ते माझे बोलताना काय, गप्प असतानाही हलतात. सभेची सवय.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं!" मी म्हणालो. "आणि तू म्हणे अडाणी!"

फॉर्मवर लिहिलं: 'चाचणी घेणारा पाठीमागे बसला होता. वापरणाऱ्यास कोणतीही मदत केलेली नाही.' सही केली. आता बसण्याच्या जागेवरून काय वाद घालायचा? निकाल तर निकाल आहे.

१० मार्च

बाराशे प्रती छापून आल्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत माझं नाव. बाई म्हणाल्या इथे नाव घालत नाहीत, पण मी म्हटलं, लिहिणाऱ्याने जबाबदारी घ्यायला हवी. घातलं.

भाऊजींकडे मशीन काल पोचलं. पानाने स्वतः जाऊन बसवून दिलं. भाऊजींनी फोन केला. "वक्तेबुवा, तुमच्या कृपेने श्वास घेतोय. आता तुमच्या भाषणातही झोप येणार नाही मला."

१७ मार्च

भाऊजी दवाखान्यात आहेत.

सकाळी ताईने पहिल्यांदाच स्वतः बाटलीतलं पाणी बदललं, मशीन सुरू केलं, आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. मशीनची घरघर वरपर्यंत ऐकू येत होती, म्हणून निश्चिंत होती. खाली आली तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे पडलेले. मशीन चालूच होतं. नळीतून काहीच येत नव्हतं. शेजाऱ्यांनी गाडीतून नेलं.

वाचतील, म्हणतात. आता यापुढे लिहवत नाही.

१८ मार्च

शुद्धीवर आले. मला ओळखलं.

ताई दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, पदर तोंडाला लावून. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? ती स्पष्ट म्हणाली, "मीच घाईत झाकण नुसतं ठेवलं, फिरवायचं विसरले. फटीतून सगळी हवा गेली. माझीच चूक."

मी शेजारीच उभा होतो. ऐकल्याबरोबर छातीवरचा दगड उतरला. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेच लिहू शकणार नाही. माझ्या बहिणीने दोष आपल्या अंगावर घेतला आणि मला हलकं वाटलं.

२१ मार्च

आक्का आल्या. भाऊजींच्या थोरल्या बहीण. चाळीस वर्षं टपाल खात्यात काढली, अजूनही माणसाकडे पत्ता चुकलेल्या पाकिटासारखं बघतात.

दवाखान्याच्या खोलीत आल्या आल्या ताईला म्हणाल्या, "मशीन लावता येत नव्हतं तर सांगायचं होतं. त्यात लाज कसली? जीव गेला असता माझ्या भावाचा."

"हो वन्सं."

"बरा झाला की मी त्याला माझ्याकडे घेऊन जाते. माझ्याकडे सून आहे, नर्स ठेवू. तू ये अधूनमधून भेटायला."

अधूनमधून भेटायला! चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि ती पाहुणी म्हणून भेटायला जाणार! भाऊजींनी पलंगावरून काहीतरी म्हणायला सुरुवात केली, "मला न्यायला मी काय..." आणि थांबले. पुढचा शब्दच सापडेना. त्या सकाळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तेव्हापासून असं होतं त्यांचं. विनोद अर्ध्यावर विसरतात आणि मग ओशाळून खिडकीकडे बघत राहतात.

मी घसा खाकरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाला कुठे गप्प बसावं कळत नाही असं उभं गाव म्हणतं, तो मी म्हणालो, "चहा आणू का कुणाला?"

२३ मार्च

सभा आधी ठरलेली होती म्हणून गेलो. विषय तोच. टाळ्याही त्याच. 'गुर्मी'च्या वाक्याला मूठ उचलली आणि तशीच खाली आणली.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. चेहरा बघवेना.

२५ मार्च

विभागातलं मशीन घेतलं, कागद घेतला आणि दार लावून बसलो. ठरवलं, जे लिहिलंय तेवढंच करायचं. डोक्यातलं काही वापरायचं नाही.

सहावी पायरी: बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरा. भरलं. सातवी: बटण दाबा. दाबलं. झाकण टेबलावर. मशीन आपलं ऐटीत घरघर करतंय, हिरवा दिवा लागलाय, आणि नळीचं टोक गालाशी धरलं तर फुंकरसुद्धा नाही.

पुन्हा केलं. या वेळी झाकण नुसतं वर ठेवलं, ताईने ठेवलं असेल तसं. तेच.

चौदा पायऱ्यांचा जुना कागद फाइलीत होता. नववी आणि अकरावी पायरी मी स्वतः लाल पेनाने खोडली आहे. समासात माझ्या अक्षरात लिहिलंय: 'वाचकाचा अपमान.'

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती पालेभाजी निवडत बसली होती. म्हटलं, "ताई, चाचणीच्या दिवशी तू झाकण फिरवलंस. मग घरी कसं राहिलं?"

तिने एक काडी मोडली. मग म्हणाली, "त्या दिवशी कागद कुठे वाचत होते मी? तुझ्या तोंडाकडे बघत होते. मी बटणाकडे हात नेला तर तुझ्या भुवया वर. मग तुझी बोटं अशी अशी फिरली. म्हटलं, झाकण फिरवायचं असेल. तू लहानपणी पाढे म्हणायचास तेव्हा मी तुला असंच दाखवायचे."

"आणि घरी?"

"घरी तू कुठे होतास?"

मला बसवेना. "मग डॉक्टरांना का सांगितलंस विसरले म्हणून? तुला तर ते माहीतच नव्हतं!"

"दवाखान्यात बसल्या बसल्या तुझी ती बोटं आठवली, मग पिशवीतला तुझा कागद वाचला. चार वेळा. त्यात ते नाहीच आहे, धाकट्या." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "पण मागे तुझं नाव आहे. आयुष्यभर एवढं बोललास, लोक मानतात तुला. माझं काय, मला कोण ओळखतं?"

"आक्का भाऊजींना घेऊन जातील."

"नेतील," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजीत हात घातला.

म्हणजे तिला सगळं कळलं होतं, आणि मी व्हरांड्यात उभा राहून हलका झालो, तेही तिने पाहिलं असणार. माझा चेहरा तिला वाचता येतो.

२६ मार्च

भाऊजी घरी आलेत, तूर्त भाड्याच्या सिलिंडरवर. आक्का त्यांचे कपडे बॅगेत भरत होत्या. मी रात्रभर तयार केलेलं भाषण घेऊन गेलो होतो. दारातच कळलं, भाषण केलं तर पुन्हा मीच जिंकणार, आणि लोक म्हणणार, काय छान बोलला.

म्हणून मशीन टेबलावर ठेवलं, कागद आक्कांच्या हातात दिला. "आक्का, तुमच्या घरी हे तुम्हालाच लावावं लागेल. एकदा लावून बघता?"

"त्यात काय आहे?" त्यांनी चष्मा चढवला.

मी त्यांच्या पाठीमागे जाऊन बसलो. पेन्सिल नव्हती, म्हणून रुमाल दातांत धरला. हात मांड्यांखाली दाबले. भाऊजी पलंगावरून टक लावून बघत होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात.

टपाल खात्यातलं माणूस ते! प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता आक्कांनी वाचलं. पाणी खुणेपर्यंत, थेंब इकडे नाही तिकडे नाही. झाकण उचललं, बाटलीच्या तोंडावर अलगद ठेवलं, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. नऊही पायऱ्या संपल्या. माझ्या आयुष्यात एवढी लांब पाच मिनिटं गेली नव्हती. रुमालात ओरडावंसं वाटत होतं.

"झालं. सोपं तर आहे," आक्का म्हणाल्या.

"आक्का," भाऊजी सावकाश म्हणाले, "नळी नाकाला लावून बघ."

त्यांनी लावली. काढली. पुन्हा लावली. कागद उलटसुलट करून बघितला. मागच्या बाजूला नजर गेली, आणि त्या वळून माझ्याकडे बघू लागल्या.

रुमाल काढला. "मी लिहिलंय," म्हणालो. "जुन्या कागदात झाकण फिरवायला सांगितलं होतं. मी ते काढलं. आणि चाचणीच्या दिवशी मीच ताईला खुणांनी दाखवलं, आणि मदत केली नाही अशी खोटी सही केली. तिची काहीही चूक नाही. तिला हे कळूनही तिने माझी चूक झाकली. आणि मला आठवडाभर ते चाललं."

आक्का ताईकडे गेल्या. ताई मान खाली घालून उभी. "वेडी आहेस का गं?" आक्का म्हणाल्या. मग बॅगेतून भाऊजींचे शर्ट काढून परत कपाटात ठेवायला लागल्या, एकेक, घडी न मोडता. माझ्याकडे मात्र वळूनही पाहिलं नाही. बरोबर केलं.

निघताना भाऊजी म्हणाले, "वक्तेबुवा, आज तुमचं सगळ्यात छान..." आणि शब्द हरवला. मी वाट पाहिली. सापडला नाही. ओशाळून हसले. ते माझं देणं आहे, आणि ते फिटायचं नाही.

२७ मार्च

प्रमुख बाईंसमोर कागद ठेवला.

"कुठे बसला होतात?"

"समोर."

"पेन्सिल?"

"नव्हती."

त्या चिडल्या नाहीत. तेच वाईट. म्हणाल्या, "कागदातली चूक मी उद्या दुरुस्त करेन. फॉर्मवर खोटं लिहिलंत, त्याचं काय करू?"

मग आधीच्या तक्रारी तपासल्या, तेव्हा आणखी दोन घरांतून 'हवा कमी येते' असे फोन आल्याचं दिसलं. दोन्हीवर शेरा: वापरणाऱ्याची चूक. या कागदासोबत आजवर तीनशे चाळीस मशीनं गेली आहेत. नवा कागद छापून टपालाने पोचायला तीन आठवडे लागतील.

"तोवर?" मी विचारलं.

बाईंनी गिऱ्हाइकांची यादी आणि फोन माझ्याकडे सरकवला. "लिहिणं तूर्त बंद. बोलायला तर येतं तुम्हाला."

पानाने शेजारी खुर्ची ओढली. "निम्मी नावं माझ्याकडे द्या, काका." मी दिली नाहीत.

३० मार्च

पहिल्या माणसाशी अकरा मिनिटं बोललो. मशीनची रचना, भाषेची जबाबदारी, माझा पश्चात्ताप. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला हे मशीन परत विकत घ्यायचंय का?" त्याला काहीच कळलं नव्हतं. झाकणाचं सांगायचं राहूनच गेलं होतं. पुन्हा फोन लावला.

दुसऱ्या बाईंना लाज वाटून नुसतं 'कंपनीतून बोलतोय' म्हणालो. त्या म्हणाल्या, "आमचं लक्षच नसतं हो, आमचीच चूक होते." तेव्हापासून नाव सांगतो.

एकोणसाठ घरं झाली. चार ठिकाणी झाकण सैल सापडलं. चार.

खोडून खोडून आता एवढंच उरलंय. एकेका घरी हेच म्हणतो, आणि यादी संपेपर्यंत हेच म्हणणार आहे:

"नमस्कार. तुमच्या ऑक्सिजन मशीनचा कागद मी लिहिला. त्यात एक पायरी मी गाळली आहे. चूक माझी आहे, तुमची नाही. आत्ता फोन न ठेवता मशीनजवळ जा, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवा, आणि पाण्यात बुडबुडे येताहेत का ते बघून या. मी फोन धरून आहे."